सेन्सरवरची तीट

"फुंकू नका."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या ऑफिसातला माझा तिसरा की चौथा दिवस. डबा जागेवरच खाल्ला होता, पोळीचे कण कीबोर्डात पडले होते, ते उडवायला मी गाल फुगवले आणि पाठीमागून स्वच्छ मराठीत हा हुकूम आला. मी गाल तसेच ठेवून मागे वळले. साठीकडे झुकलेले, शिडशिडीत, शर्टाचं अगदी वरचं बटणसुद्धा लावलेले एक गृहस्थ उभे होते. हातात काळा रबरी फुगा, पुढे बारीक चोच असलेला. त्यांनी तो चार-सहा वेळा दाबून कीबोर्डातले कण बाहेर काढले, एका कागदावर गोळा केले, कागदाची पुडी बांधली आणि पुडी खिशात घालून निघून गेले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. परदेशात मराठी माणूस भेटला की जी चौकशी करायची रीत आहे, तिच्यातलं काहीही नाही.

शेजारी बसणारी जर्मन सहकारी हसून म्हणाली, "हेर श्टाउब." मी ते त्यांचं नाव समजले. पुढचे पंधरा दिवस हे श्टाउब कोकणातले असावेत की घाटावरचे, यावर मी आणि नवरा जेवताना चर्चा करत होतो. श्टाउब म्हणजे धूळ आणि हेर श्टाउब म्हणजे धूळसाहेब, हे जर्मनच्या क्लासात घरकामाचा धडा लागला तेव्हा कळलं.

धूळ हा त्यांचा शत्रू आहे, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. शत्रूची इतकी खडानखडा माहिती कोणी ठेवत नाही. टेबलावरून बोट फिरवून, ते बोट खिडकीच्या उजेडात धरून ते सांगायचे, ही कागदाची, ही स्वेटरची, ही माणसाच्या कातडीची, आणि ही पिवळी बर्च झाडांची. उमेदीची वीस वर्षं त्यांनी क्लीन रूममध्ये काढली होती, म्हणजे जिथे गाड्यांमधले इवलेसे सेन्सर बनतात आणि जिथे माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळून मगच आत सोडतात. तिथून टेबलाच्या कामावर बदली झाली तरी त्यांच्या मते उरलेलं जग हीच एक नीट न सांभाळलेली क्लीन रूम होती.

जन्म सोलापूरचा. "सोलापुरात आपण धूळ झाडत नाही, धूळ आपल्याला झाडते," असं ते म्हणायचे. वडील सूतगिरणीत होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा, आणि पुढे तोच कापूस छातीत उतरला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही लेन्स पुसता पुसता, वर न बघता. त्यानंतर मी त्यांच्या धुळीवर विनोद करणं कमी केलं. बंद केलं नाही.

त्यांना हाक कशी मारायची, हा एक वेगळाच घोळ होता. ऑफिसात जर्मनमध्ये सगळेच एकमेकांना 'डू' म्हणतात, म्हणजे अरे-तुरे. मराठीत मी त्यांना काका म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचे. त्यामुळे मीटिंगमध्ये त्यांना चारचौघांत "तुझा हिशेब चुकलाय" असं जर्मनमध्ये सांगायचं आणि बाहेर येऊन "काका, रागावलात का?" असं मराठीत विचारायचं, अशी माझी कसरत चाले. ते म्हणायचे, "जर्मनमध्ये चुकला असेल. मराठीत बरोबर आहे."

स्टुटगार्टच्या आसपासच्या इमारतींमध्ये रहिवाशांनी पाळीपाळीने झाडलोट करायची पद्धत आहे. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी अडकवतात, केरवोखे. पाटी आली की तो आठवडा जिना, दारापुढची वाट आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा, सगळं तुमच्या गळ्यात. आम्ही बाकीचे पाटी बघून नाक मुरडायचो. काका मात्र पाटीची वाट बघत असायचे.

"शब्दातच केर आहे बघ," ते मला म्हणाले. "केर-वोखे. केराचा आठवडा. हा शब्द यांनी आपल्याकडून नेलाय."

"काका, जर्मनमध्ये केरेन म्हणजे झाडणे. त्यावरून आलाय तो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि केरेन कुठून आला?"

पुढे वाद घालण्यात अर्थ नसे. त्यांच्या तळमजल्यावर एक म्हाताऱ्या जर्मन बाई राहायच्या. त्यांनी आजवर कुणाच्याही झाडण्याला बरं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी एकदा काकांनी झाडलेल्या जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बराच वेळ बघितलं आणि नुसतं "जा", म्हणजे जर्मनमध्ये हो, एवढंच म्हणून दार लावून घेतलं. त्या भागात मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं कौतुक. काकांनी ते मला सोमवारी ऑफिसात आवाजासकट करून दाखवलं.

आता मी जर्मनीतच, पण उत्तरेला वोल्फ्सबुर्गला राहते. इथे जिना झाडायला बाहेरून माणूस येतो आणि तो कोपरे सोडून झाडतो. ते मला दिसतं, ही काकांची देणगी. अजूनही कशावर फुंकर मारायला गेले की आधी मागे वळून बघते.

काकांचा खरा संसार कॅमेऱ्यांचा. तीन कॅमेरे होते, तिन्ही जुने, लेन्स बदलता येणारे. अशा कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काचेच्या चौकोनी टिकलीसारखा सेन्सर असतो. लेन्स काढली की धूळ आत जाते आणि त्यावर बसते, आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका उमटतो. तो काढणं हे काकांचं व्रत. बुटांच्या खोक्यात 'खाऊ नका' लिहिलेल्या ज्या पुड्या येतात त्या ते अख्ख्या ऑफिसकडून मागून घ्यायचे आणि लेन्सांच्या डब्यांत टाकायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या लोणच्याला एक हवाबंद डबा नाही गं घरात. ह्यांच्या लेन्सांना सात आहेत."

सेन्सर साफ करायचा वार शनिवार, आणि जागा बाथरूम. आधी गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडायचा, म्हणजे वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. मग पाणी बंद करून वाफ विरेपर्यंत बाहेर थांबायचं. मग आत जायचं. लोकरीचे धागे उडतात, सुती कपड्याचेही उडतात, म्हणून अंगात फक्त नायलॉनची पोहायची चड्डी आणि डोक्यावर काकूंची प्लॅस्टिकची शॉवर कॅप. एकदा माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना घेऊन मी न कळवता काकूंकडे गेले. आम्ही सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच बाथरूमचं दार उघडलं आणि काका त्या वेशात, दोन्ही हातांत कॅमेरा तोंड खाली करून धरलेला, असे समोरून चालत गेले. कॅमेऱ्याचं तोंड नेहमी खाली, धूळ वर चढत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. सासूबाईंनी घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. घरी आल्यावर विचारलं, "माणूस चांगला आहे ना?" मी म्हटलं, फार.

किती चांगला, हे मला माझ्या मुलीच्या फोटोमुळे कळलं होतं.

मुलगी चार महिन्यांची असताना तिचा इथे राहण्याचा परवाना काढायचा होता. तेव्हा फोटो घरून काढून नेलेला चालायचा. पांढऱ्या चादरीवर झोपवून मी आमच्या कॅमेऱ्याने तिचे ढीगभर फोटो काढले. त्यातल्या एकात डोळे उघडे, तोंड मिटलेलं आणि मूठ चौकटीबाहेर, असा योग जुळला. त्या फोटोत डाव्या गालावर एक करडा ठिपका होता. तो मला दिसलाच नाही. सांगलीला माझ्या आईला मोबाइलवर दिसला. ती म्हणाली, "तीट लावलीस ते बरं केलंस. पण गालावर काय, कानामागे लावावी." मला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल. मी हो म्हणून सोडून दिलं.

परवान्याच्या ऑफिसातल्या बाईंनाही दिसला. त्यांनी फोटोवर पेनचं टोक टेकवून विचारलं, "मुटरमाल?" माझं जर्मन तेव्हा 'मुटर' म्हणजे आई इथपर्यंत पोचलं होतं. मी मोठ्या अभिमानाने छातीवर हात ठेवून म्हटलं, "जा, जा. मुटर. इश." हो, हो, आई, मीच. बाईंनी मुलीचा एक गाल बघितला, मग दुसरा, मग टोपी वर करून कपाळ. मुटरमाल म्हणजे जन्माची खूण, तीळ. फोटोतल्या मुलीला तीळ आहे आणि मांडीवरच्या मुलीला नाही, तेव्हा हा फोटो चालणार नाही. पुढचा टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, सहा आठवड्यांनी, आणि आमची भारताची तिकिटं पाच आठवड्यांनी. माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. शुक्रवारपर्यंत नवा फोटो आणून दिला तर चालेल म्हणाल्या.

घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोत तोच ठिपका त्याच जागी. मी लेन्स काढली, आत डोकावले आणि लेकराच्या गुडघ्याला घालावी तशी जोरात फुंकर मारली. पुढच्या फोटोत मुलीला कांजिण्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घालून ऑफिसात नेला. काकांनी आत बघितलं आणि कॅमेरा हळूच तोंड खाली करून ठेवला.

"काय केलंस?"

"फुंकलं."

"घरी देवापुढचा दिवा फुंकर मारून विझवतेस?"

"नाही."

"का नाही?"

"तोंडाने फुंकलं की उष्टं होतं म्हणून."

"मग हा सेन्सर तू उष्टा केलायस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण मला राग परवडला असता.

त्या शनिवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी खास माझ्यासाठी बाथरूम तापवण्यात आली. मात्र आत जायच्या आधी त्यांनी मला पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. डाग कुठला आहे ते आधी ठरव, म्हणाले. लेन्सचं भोक अगदी बारीक करून भिंतीचा फोटो काढ. मग लेन्स बदलून पुन्हा काढ. डाग गेला तर तो लेन्सचा. राहिला तर सेन्सरचा. डोळा लावतो त्या खिडकीत दिसला आणि फोटोत नाही, तर तो त्या खिडकीचा, त्याने फोटोचं काही बिघडत नाही. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कुणामुळे काय झालं ते जन्मात कळत नाही. माणसं घर, नोकरी, बायको सगळं एकदम बदलतात आणि मग म्हणतात, बरं वाटत नाही."

"अहो, पोरीसमोर काय बोलता," काकू आतून म्हणाल्या.

अर्ध्या तासाने ते चड्डी-कॅपमध्ये बाहेर आले. भिंतीचा फोटो काढला. कोरी भिंत. बरोबर नेलेल्या मुलीचा फोटो काढला. गाल स्वच्छ. काकूंनी कौतुकाने काजळाचं बोट तिच्या गालाला लावलं, तर काकांनी लेन्स पुसायचा मऊ कागद घेऊन ते तिथल्या तिथे पुसून काढलं. "धड गालाला घाण लावायची आणि म्हणायचं रक्षण झालं. खुळचटपणा सगळा." मी त्यांना आईचं ऐकवलं, की तिला तो ठिपका तीट वाटला. त्यावर मात्र त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "मुटरमाल म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर आईची खूण. तुझ्या आईचं जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं आहे."

शुक्रवारी फोटो पोचला, परवाना मिळाला, आम्ही वेळेत भारतात गेलो.

या माणसाने स्वतः फोटो कसले काढले असतील? भिंतींचे. खरंच सांगते. त्यांच्या संगणकात वर्षावार फोल्डर होते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पांढऱ्या भिंती, एकीवरही ठिपका नसलेल्या. साफ केल्यावर खात्री करायला काढलेले. खात्री झाली की कॅमेरा डब्यात जायचा, कारण बाहेर काढला तर धूळ बसेल. काकू सांगायच्या, "ह्यांनी कॅमेरा उचलला की मी भिंतीपुढून बाजूला होते. इतक्या वर्षांत माझा एक धड फोटो नाही. भिंतीचे मात्र अल्बम आहेत." हे त्या हसून सांगायच्या, पण प्रत्येक वेळी सांगायच्या.

आता त्या मार्चबद्दल.

कधी कधी मार्चमध्ये दक्षिणेकडच्या वाऱ्याबरोबर सहारा वाळवंटाची धूळ जर्मनीत येते. आकाश हळदीच्या दुधासारखं दिसतं आणि गाड्यांवर तांबूस थर बसतो. बाकीचे वैतागतात, काकांचा तो सण असायचा. ते गाडीच्या काचेवरची धूळ कागदावर घेऊन पुडीवर तारीख घालून ठेवायचे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. तीही बाल्कनीतून धूळ गोळा करून हेर श्टाउबसाठी पुडी बांधायची.

त्या वर्षी ती पुडी न्यायला काका आलेच नाहीत. शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, जरा येऊन जातेस का? ह्यांनी तिन्ही कॅमेरे उघडून ठेवलेत आणि सकाळपासून जेवायला उठत नाहीयेत."

मी गेले तर जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून तिन्ही कॅमेरे उघडे पडलेले, लेन्सा बाजूला. काका खुर्चीत बसलेले, दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण उघडं. ते बटण बघूनच मला चुकल्यासारखं वाटलं.

"सहाराची धूळ," ते म्हणाले. "फार बारीक. तिन्ही कॅमेऱ्यांत शिरलीय. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की काळे कण दिसतात. आणि स्थिर नाहीत, वाहतात. मी इतक्या वर्षांत वाहणारी धूळ बघितलेली नाही."

"फोटोत दिसते?"

"फोटोत नाही. नुसती डोळ्याच्या खिडकीत. दोन दिवस साफ करतोय. आज सकाळपासून खालच्या कोपऱ्यात काळं येतंय, शटरचा पडदा अर्ध्यावर अडकल्यासारखं. तिन्हींत, एकाच जागी. आणि मधूनच कडेला वीज चमकते."

धुळीपर्यंत मी ऐकत होते. पण कॅमेऱ्यात वीज कशी चमकेल?

"काका, तुम्ही काय काय बदललंत?"

"लेन्स बदलली. मग कॅमेरा बदलला. मग दुसरा."

"एका वेळी एक?"

"म्हणजे काय," ते दुखावून म्हणाले.

"डोळा बदललात?"

त्यांना कळलं नाही. ते आयुष्यभर उजवा डोळा कॅमेऱ्याला लावत आले होते. मी एका कॅमेऱ्याला लेन्स चढवली, चुकीची चढवली असेल, कारण त्यांनी ती नीट केली, आणि म्हटलं, "डावा लावून बघा."

त्यांनी डावा डोळा लावला. काकू स्वयंपाकघराच्या दारात सांडशी हातात घेऊन उभ्या होत्या.

"स्वच्छ आहे," काका म्हणाले.

त्यांनी कॅमेरा तोंड खाली करून ठेवला. मग तळहाताने डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्याने काकूंकडे बघितलं. "तुझी हनुवटी दिसत नाहीये गं," ते म्हणाले. काकूंनी सांडशी घेतलेल्या हातानेच आपली हनुवटी चाचपली.

पुढचं वाक्य मात्र त्यांनी अस्सल त्यांचं टाकलं. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन करून टेर्मिन घेतो."

मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. मराठीतच, तरीही एकेरीत. "टेर्मिन जूनमधला मिळेल. तोवर डोळा राहील का? ऊठ, जॅकेट घाल." काकूंनीही ते ऐकलं, पण त्यांनी फक्त गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागल्या. काका उठले. दाराशी जाऊन थांबले, टेबलाकडे वळून बघत म्हणाले, "कॅमेरे उघडे आहेत."

"बसू दे धूळ," मी म्हटलं.

ते निघाले. तिन्ही कॅमेरे उघडे टाकून ते जिना उतरले, तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत.

स्टुटगार्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलकडे मी गाडी काढली. समोरच्या काचेवर सहारा बसलेली. मी वायपरला हात घातला तर शेजारून आवाज आला, "कोरडा फिरवू नकोस. ओरखडे पडतील. आधी पाणी." एका डोळ्यातला उजेड जात असताना माणूस माझी काच सांभाळत होता. मला हसू आणि रडू एकदम आलं आणि मी आधी पाणी मारलं.

तातडीच्या विभागातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली. काका त्यात बघून नम्रपणे जर्मनमध्ये म्हणाले, "म्हणजे, तुमच्या यंत्रातही धूळ आहे." ती तितक्याच नम्रपणे म्हणाली, "दास इस्ट निश्त श्टाउब." ही धूळ नाही. मग ती बराच वेळ आत बघत राहिली. मागे काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

"नेट्झहाउट," ती म्हणाली आणि पुढचं तिने सावकाश समजावलं.

"काय म्हणतायत त्या?" काकूंनी विचारलं.

"डोळ्याचा पडदा सुटलाय काकू. पण मधला भाग, ज्याने आपण नीट बघतो, तो अजून चिकटलेला आहे. उद्या सकाळीच ऑपरेशन. अगदी वेळेत आलात, म्हणतायत. सोमवारपर्यंत थांबला असतात तर सांगता येत नव्हतं."

"म्हणजे पडदाच होता," काका म्हणाले. "मी जागा चुकलो." आणि मग डॉक्टरच्या समोर, इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं, त्यांनी काकूंचा हात हातात घेतला.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरतात, पडदा जागेवर दाबून धरायला. तो नीट बसावा म्हणून पहिला आठवडा तोंड खाली ठेवायचं. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, जेवायचं तसंच. काकूंनी मला फोनवर हे सांगितलं आणि त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. "तोंड नेहमी खाली. आता कळेल कॅमेऱ्यांना काय वाटत असेल ते."

मी भेटायला जायचे तेव्हा मला त्यांचा टाळूचा भागच दिसायचा. डोळ्यावर पट्टी, समोर फरशी. "कपाटाखाली काय आहे माहीत आहे का तुला?" ते फरशीशी बोलल्यासारखे म्हणायचे. "दिवाळीतलं चिरोटं आहे." त्या आठवड्यात नेमकी त्यांची केरवोखे होती. खालच्या जर्मन बाईंनी काही न बोलता पाटी स्वतःच्या दारावर लावली आणि जिना झाडला. "कोपरा राहिला असणार," काका म्हणाले, पण कुणाला बघायला पाठवलं नाही. औषधाचे थेंब झोंबायचे. पट्टी परत बांधली की काकू लांबूनच हलकी फुंकर घालायच्या, सवयीने. 'फुंकू नका'वाले गृहस्थ ती गुपचूप घेत पडून राहायचे.

नंतर मान वर झाली, पट्टी गेली. बुडबुडा मात्र आठवडे टिकला. तो विरल्याशिवाय डोळ्याला नक्की काय दिसणार ते कुणी सांगत नव्हतं. काका रोज मला मेसेज पाठवायचे. आज लिंबाएवढा. आज आवळ्याएवढा. आज बोर. एका शनिवारी सकाळी नुसतं आलं, "गेला."

मी माझा कॅमेरा घेऊन गेले. त्याच्या सेन्सरवर धूळ होती. आदल्या आठवड्यात मुलीच्या फोटोत मी ती बघितली होती आणि मुद्दाम साफ केली नव्हती, कुणाला सांगितलीही नव्हती. काका दाढी करून बसले होते, वरचं बटण लावलेलं. मी कॅमेरा हातात दिला. त्यांनी तो उजव्या डोळ्याला लावला आणि उभे राहिले.

समोर पांढरी भिंत होती आणि भिंतीपुढे काकू. त्या सवयीने बाजूला व्हायला लागल्या.

"थांब तिथेच," काका म्हणाले.

"अहो, माझा कशाला? केस बघा माझे, पिठाचा हात आहे."

"थांब म्हटलं ना."

काकू थांबल्या. फोटो निघाला. काकांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि मागच्या पडद्यावर काकूंचा चेहरा मोठा करून बघायला लागले. कपाळ, नाक, हनुवटी. हनुवटीवर ते बराच वेळ थांबले. काही दिसत नसेल आणि ते आम्हाला सांगत नसतील, असं माझ्या मनात आलं.

"डावीकडे," ते म्हणाले. "हिच्या कानाच्या मागे. धूळ आहे. कॅमेरा परत फुंकलास ना?"

काकू मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मीही. धूळ दिसली म्हणून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, पुढेही होणार नाही. थोड्या वेळाने मी नाक पुसलं, टेबलावरचा रबरी फुगा घेतला आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. "द्या काका, काढते."

त्यांनी कॅमेरा बाजूला नेला. "राहू दे."

"अहो, राहू दे काय?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "धूळ आहे म्हणालात ना?"

"कानामागे आहे ना," काका म्हणाले. "मग तीट आहे ती." आणि त्यांनी कॅमेरा तोंड खाली करून टेबलावर ठेवला.